बेस गिटारचा बॉक्स निवडताना



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आपल्या वाद्यवृंदात पहिल्यांदाच बेस गिटार वाजली. एका माजी विद्यार्थ्याने ती शाळेला भेट दिली होती आणि नववीतल्या एका मुलीने चार महिने सराव करून सहा गाणी बसवली होती. कार्यक्रम संपल्यावर तिची आजी तिला म्हणाली, "काय गं माय, तू वाजवत होतीस का नुसतीच उभी होतीस?"

आजींचे काही चुकले नव्हते, आणि मुलीचेही नाही. तिने एकही स्वर सोडला नव्हता. पण तिच्या गिटारची वायर मंडपातल्या भोंग्यांना जोडलेली होती, आणि भोंग्यातून बेसचा आवाज बाहेर पडतच नाही.

पुढे गणेशोत्सवात आम्ही ओळखीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यांकडून चार स्पीकरचा मोठा बॉक्स उसना आणला. शाळेच्या अंगणात तो छान घुमला. पण बाहेरगावच्या कार्यक्रमाला निघालो तेव्हा लक्षात आले की जीपमध्ये एक तर तो बॉक्स बसेल, नाही तर सहा मुले. चढवताना एका मुलाचे बोट बॉक्स आणि जीपच्या फळीत सापडले व नख काळे पडले. शेवटी बॉक्स शाळेतच ठेवला. त्या दिवशी बेस गिटारही गवसणीतच राहिली.

आता शाळेने स्वतःचा बॉक्स घ्यावा असा विचार चालू आहे. कोणता घ्यावा, मोठा की लहान, एक की दोन, आणि मुळात घ्यावा का, याबद्दल पालक आणि विश्वस्त विचारत आहेत. म्हणून संगीत समितीच्या वतीने आम्ही ही माहिती देत आहोत. यातले बरेचसे विज्ञान आठवी ते दहावीच्या पुस्तकातलेच आहे, तेव्हा विद्यार्थ्यांनी ते प्रयोग करून पाहावे.

एक खुलासा आधीच करतो. स्पीकर ज्या लाकडी खोक्यात बसवतात त्याला कॅबिनेट म्हणतात. मराठीत 'पेटी' म्हणावे तर आपल्याकडे पेटी म्हणजे हार्मोनियम. त्यामुळे या लेखात आम्ही 'बॉक्स' हाच शब्द वापरला आहे.

बेसचा आवाज इतका हट्टी का?

बेस गिटारच्या चार तारा खालून वर ई, ए, डी आणि जी अशा लावतात. सर्वात जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, म्हणजे तिची वारंवारता ४१ हर्ट्झ. त्यापुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झच्या. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून ऐकतो, तेव्हा ही तार ऐकण्याच्या पार तळाशी आहे.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला ४१ ने भागा. एका लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त येते, म्हणजे आपल्या बहुतेक वर्गखोल्यांपेक्षा लांब! एवढी लांब लहर उठवायला पुष्कळ हवा ढकलावी लागते. छोटा कागदी शंकू थोडासा हलून ते काम होत नाही. दिवाळीच्या दिवसांत आसपासच्या गोंड गुड्यांवर दंडारी चालते तेव्हा तुडुमचा ठोका छातीत जाणवतो. त्यामागचे कारणही तेच, मोठे कातडे आणि पुष्कळ हवा. तबल्याच्या जोडीत खर्जाचे काम करणारा डग्गा आकाराने मोठा का असतो, हेही यावरून कळेल.

आता भोंग्याचे पाहा. भोंगा मुद्दाम माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो. थोड्या विजेत लांबवर आवाज पोचवणे, यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण साधारण दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली तो फारसे काही देत नाही. आपल्या गिटारच्या उघड्या तारा तर सगळ्याच शंभराच्या खाली. म्हणून निवेदकाचे शब्द वेशीपर्यंत गेले आणि बेस मात्र मंचावरच राहिला.

इथे कानाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. ४१ हर्ट्झची तार छेडली की तिच्याबरोबर ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही निघतात. खालचा मूळ स्वर क्षीण असला तरी हे वरचे स्वर ऐकून मेंदू मूळ स्वर मनातच भरून काढतो. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरवर खर्जातले गाणे ओळखू येते ते यामुळेच. तेव्हा बॉक्सने ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने दिलाच पाहिजे असे नाही, ८० ते २०० हर्ट्झचा पट्टा स्वच्छ दिला तरी बेस ऐकू येतो. लहान बॉक्सला आशा आहे ती इथे.

बॉक्स कशाला हवा?

घरात जुना बिघडलेला रेडिओ असेल तर मोठ्या माणसांच्या मदतीने त्यातला स्पीकर सोडवा आणि लांब वायरीने दुसऱ्या चालू टेपला जोडा. हातात मोकळा धरल्यावर आवाज पत्र्यासारखा येईल. आता पुठ्ठ्याला स्पीकरएवढे भोक पाडून त्यावर तो घट्ट धरा. आवाज एकदम भरेल. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मोकळ्या स्पीकरमध्ये या दोन लहरी कडेने एकमेकींना भेटतात आणि खर्ज खाऊन टाकतात. पुठ्ठा त्यांना वेगळे ठेवतो. बॉक्स म्हणजे हाच पुठ्ठा, चारी बाजूंनी दुमडलेला.

बॉक्स मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला पूर्ण बंद. यात मागची हवा कोंडलेली असल्यामुळे ती स्प्रिंगसारखी वागते. आवाज आखडता पण नेमका येतो आणि खर्ज हळूहळू उतरत जातो. दुसरा भोक किंवा नळी असलेला, त्याला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की 'हूं' असा आवाज येतो. बाटलीत थोडे पाणी भरून पुन्हा फुंका, आवाज चढेल. आत हवा जितकी जास्त तितका स्वर खाली. पोर्टचा बॉक्स म्हणजे ही बाटलीच असते. ठरावीक खालच्या स्वराला ती स्पीकरला हातभार लावते. म्हणून त्याच आकारात पोर्टचा बॉक्स सहसा जास्त खर्ज देतो. पण त्या ठरावीक स्वराच्या खाली मदत एकदम संपते, शंकू सैरभैर हलू लागतो आणि जोरात वाजवल्यास फाटूही शकतो.

बॉक्सची ही गणिते ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडली आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड स्मॉल यांनी ती पुढे नेली. आज चांगल्या स्पीकरबरोबर 'थील-स्मॉल' आकडे छापून येतात. कोणत्या स्पीकरला किती लिटरचा बॉक्स आणि केवढी नळी हवी, हे त्यावरून काढता येते. म्हणजेच कोणताही स्पीकर कोणत्याही खोक्यात बसवून चालत नाही.

तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत

अमेरिकेतील स्पीकर बनवणारे जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने एक नियम ओळखला जातो, त्याला 'लोखंडी नियम' म्हणतात. आपल्याला तीन गोष्टी हव्या असतात. खोल खर्ज हवा, कमी विजेत मोठा आवाज हवा आणि बॉक्स लहान हवा. निसर्ग यातल्या दोनच देतो. खोल आणि मोठा आवाज हवा तर बॉक्स मोठा होतो. लहान बॉक्समध्ये खोल खर्ज हवा तर आवाज कमी होतो किंवा वीज पुष्कळ लागते. लहान बॉक्समधून मोठा आवाज हवा तर तळाचा खर्ज सोडावा लागतो.

दुकानदार "यात सगळे आहे" म्हणाला तर हा नियम आठवावा. आपण काय सोडायला तयार आहोत, ते दुकानात जाण्यापूर्वीच ठरलेले बरे.

दहा, बारा की पंधरा इंच?

"पंधरा इंची म्हणजे खोल, दहा इंची म्हणजे टणक" असे वाजवणारे सांगतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण नुसत्या इंचावरून निकाल लागत नाही. स्पीकरची बनावट आणि बॉक्सचे आकारमान यांचा त्यात मोठा वाटा असतो.

हवा ढकलण्याचा अंदाज क्षेत्रफळावरून येतो. सातवीच्या मुलांनी त्रिज्येचा वर्ग करून पाहावा, पाय दोन्हीकडे सारखाच असल्याने सोडून देऊ. दहा इंचीची त्रिज्या ५, वर्ग २५. दोन दहा इंची म्हणजे ५०. एक बारा इंची म्हणजे ३६, दोन बारा इंची म्हणजे ७२. एक पंधरा इंची म्हणजे सुमारे ५६. चार दहा इंची म्हणजे १००. शंकूचा हलणारा भाग छापील मापापेक्षा थोडा लहान असतो, पण तुलनेला हे पुरे. दोन बारा इंची स्पीकर एका पंधरा इंचीपेक्षा जास्त हवा ढकलू शकतात, हे ध्यानात ठेवा.

काही बॉक्समध्ये ट्वीटर नावाचा छोटा स्पीकरही असतो. तो तारेवरच्या बोटांचा टणत्कार स्वच्छ ऐकवतो. नुसता बेस वाजवायचा तर तो नसला तरी चालतो. पण त्याच बॉक्सवर कधी की-बोर्ड किंवा ढोलकीचा माइक लावायचा असेल तर ट्वीटर हवा.

वॅटचा फसवा आकडा

एके काळी घरोघरच्या टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ'चे हजार-हजार वॅट छापलेले असत आणि आवाज मात्र बेताचाच येई. बॉक्सवरचे वॅट म्हणजे तो स्पीकर जळून न जाता किती वीज सोसू शकतो, एवढेच. आवाज किती येईल हे सांगणारा आकडा वेगळा आहे. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज येतो, त्याला संवेदनशीलता म्हणतात.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. समजा एक बॉक्स ९४ डेसिबलचा आहे आणि दुसरा १०० चा. फरक ६ डेसिबल. दुसरा बॉक्स १०० वॅटवर जे करील ते करायला पहिल्याला ४०० वॅट लागतील. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून अंगणात हा फरक फार जाणवतो. वर्गात भिंती, छप्पर आणि कोपरे खर्जाला मदत करतात. तोच बॉक्स कोपऱ्यात ठेवला तर जास्त घुमतो आणि मैदानात ठेवला तर पातळ वाटतो. दुकानातल्या बंद खोलीत आवडलेला बॉक्स मंडपात निराश करतो, त्याचे कारण हेच.

वजन कुठून येते?

बॉक्सचे वजन मुख्यतः लाकूड आणि चुंबक या दोन ठिकाणांहून येते.

लाकडाचे गणित करून पाहू. ६० सेंमी उंच, ४५ रुंद आणि ४० खोल अशा बॉक्सच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ १.३८ चौरस मीटर होते. प्लायवूडची घनता घनमीटरला सुमारे ६५० किलो धरली तर १८ मिमी जाडीच्या फळ्यांचे वजन १६ किलोच्या आसपास येते. १२ मिमी वापरले तर ११ किलोच्या आत. एमडीएफ घेतले तर १८ मिमीला १८ किलोच्या वर जाते, शिवाय पाणी लागले की ते फुगते. पावसाळ्यात मंडपात फिरणाऱ्या बॉक्सला एमडीएफ नको. पातळ प्लायवूडला मात्र आतून आडव्या पट्ट्यांचा आधार हवा, नाही तर फळीच थरथरते.

काही पालकांनी सुचवले की आपल्या भागात सागवान चांगले मिळते, सुतारही हुशार आहेत, तर बॉक्स इथेच करून घ्यावा. सूचना चांगली आहे. पण अखंड लाकडाची फळी उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, सांधे उघडतात आणि फटीतून हवा फुसफुसते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते असे हलत नाही. इथे बॉक्स करायचाच तर चांगले प्लायवूड घ्यावे आणि स्पीकर बनवणाऱ्याने दिलेली मापे तंतोतंत पाळावीत.

चुंबकाची गोष्ट वेगळी. नेहमीच्या स्पीकरमागे फेराइटचे जाड चक्र असते आणि मोठ्या स्पीकरमध्ये ते कित्येक किलोंचे भरते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपान आणि अमेरिकेत निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचे चुंबक तयार झाले. तेवढ्याच ताकदीसाठी ते आकाराने कितीतरी लहान लागते. त्यामुळे बारा इंची स्पीकरचा एक बॉक्स साधारण १२ ते १५ किलोत बसू शकतो. जुन्या धर्तीचा चार स्पीकरचा बॉक्स ४० किलोच्या घरात जातो. निओडिमियमचा बॉक्स महाग पडतो, हे खरे.

इथे मुलांचा विचार आधी करावा लागतो. २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त नसावे. दप्तराला हा नियम लावायचा आणि त्याच मुलांकडून ४० किलोचा बॉक्स उचलून घ्यायचा, हे बरोबर नाही. १४ किलोचा बॉक्स दोन्ही बाजूंना मुठी असतील तर दोन मोठी मुले सांभाळून नेऊ शकतात.

बॉक्स मोठे का झाले होते?

पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी माणसाच्या उंचीचे डबल बास असे. ते नेणे कठीण आणि गर्दीत ऐकू येणेही कठीण. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' ही विजेवरची बेस गिटार बाजारात आणली आणि १९५२ मध्ये तिच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा 'बेसमन' अॅम्प्लिफायर काढला. पुढे मैदानांतून कार्यक्रम होऊ लागले. १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा ३०० वॅटचा एसव्हीटी आला. त्याच्याबरोबरचा आठ दहा इंची स्पीकरचा बॉक्स इतका मोठा होता की वाजवणारे त्याला फ्रिज म्हणू लागले. त्याच्या अलीकडच्या नमुन्याचे वजन सुमारे ६३ किलो आहे. गंमत म्हणजे एवढा मोठा बॉक्सही सुमारे ५८ हर्ट्झच्या खाली उतरू लागतो. तळाच्या ई तारेचा मूळ स्वर तोही पूर्ण देत नाही, तरी जगभर त्याच्या आवाजाची वाखाणणी होते.

त्या काळी बेस प्रेक्षकांपर्यंत पोचवायला मंचावरच्या बॉक्सशिवाय फारसा दुसरा मार्ग नव्हता. आज मोठ्या कार्यक्रमाला साउंडवाले स्वतःचे मोठे बेस स्पीकर आणतात. डीआय बॉक्स नावाची मुठीएवढी डबी मध्ये लावली की गिटारचा आवाज सरळ त्यांच्या मिक्सरला जातो. मग मंचावरचा बॉक्स फक्त वाजवणाऱ्याला आणि तिच्या साथीदारांना ऐकू यावे यासाठी लागतो. अॅम्प्लिफायरही बदलले आहेत. 'क्लास डी' प्रकारचे दोन-तीन किलोचे यंत्र आज काहीशे वॅट देते. वजनाची निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते.

ओहमचे गणित

हा भाग दहावीच्या मुलांनी नीट वाचावा, कारण चूक झाली तर अॅम्प्लिफायर जळतो. प्रत्येक बॉक्सवर ८ किंवा ४ ओहम असा आकडा असतो. दोन बॉक्स समांतर जोडले की एकूण रोध कमी होतो. ८ आणि ८ मिळून ४ होतात, ४ आणि ४ मिळून २. बरेचसे अॅम्प्लिफायर ४ ओहमच्या खाली चालवू नयेत असे त्यांच्या पाठीवर लिहिलेले असते. तेव्हा पुढेमागे दोन बॉक्स लावायचे असतील तर दोन्ही ८ ओहमचे घ्यावेत.

दुसरी चूक वायरीची. गिटारपासून अॅम्प्लिफायरपर्यंतची वायर बारीक आणि जाळीदार आवरणाची असते. ती अॅम्प्लिफायर आणि बॉक्सच्या मध्ये लावू नये. तिथे जाड तांब्याची स्पीकर वायरच हवी. आणि कार्यक्रमाच्या जागी अर्थिंग आहे का, हे कोणतेही बटण दाबण्याआधी मोठ्या माणसाने तपासावे. गिटारच्या धातूच्या तारांना मुलांचे हात लागलेले असतात.

दुकानात गेल्यावर

हैदराबाद, नागपूर किंवा नांदेड, जिथे जाऊ तिथे पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. आपली गिटार आणि आपली वाजवणारी मुलगी बरोबर न्यावी. दुकानदाराच्या वादकाने वाजवलेले ऐकून निर्णय घेऊ नये.

२. ई तार हळू आणि मग कार्यक्रमाइतकी जोरात वाजवावी. फडफड, खडखड किंवा फुसफुस ऐकू आली तर तो बॉक्स सोडावा.

३. एकट्या बेसवर भाळू नये. मोबाइलवर ढोलकी आणि पेटीचे रेकॉर्डिंग लावून त्याबरोबर ऐकावे. एकट्याने गोड वाटणारा गुबगुबीत आवाज साथीला बसला की चिखल होतो.

४. पंधरा पावले लांब जाऊन ऐकावे. जमल्यास बॉक्स दुकानाबाहेर उघड्यावर ठेवून ऐकावे.

५. बॉक्स उचलून पन्नास पावले चालावे. मूठ हाताला रुतते का आणि कडा पायाला लागते का ते पाहावे.

६. मागच्या पट्टीवरचे ओहम, वॅट, डेसिबल आणि किलो हे चारही आकडे वहीत लिहून घ्यावेत. जो दुकानदार आकडे दाखवत नाही त्याच्याकडे घाई करू नये.

७. पुढची जाळी लोखंडी असावी. शाळेच्या कोठीत उंदीर आहेत आणि कागदी शंकू त्यांना फार आवडतो.

आमचे मत

काही विश्वस्तांनी विचारले आहे की पेटीचे सूर लावून घ्यायचे आहेत, तबल्याची शाई गेली आहे, मग बॉक्सवर खर्च का? प्रश्न रास्त आहे. वर्षातून एकदा स्नेहसंमेलनापुरताच बेस वाजणार असेल तर बॉक्स घेऊ नये, असेच आम्ही सांगू. त्या दिवसापुरते साउंडवाल्यांचे बेस स्पीकर भाड्याने घ्यावेत आणि आपण फक्त डीआय बॉक्स विकत घ्यावा.

पण आपला वाद्यवृंद गावोगाव जावा असे आपण सर्वांनी ठरवले आहे. सोनाळ्याला, इच्चोड्याला, कधी किनवटकडे. तिथे ना मोठा साउंड असतो, ना भाड्याला पैसे. कुठे सप्ताहाचा मंडप, तर कुठे शाळेची ओसरी. शंभर-दीडशे माणसे समोर बसलेली असतात. अशा ठिकाणी आपला बॉक्स लागतो आणि तो जीपमध्ये मुलांबरोबर मावावा लागतो.

म्हणून आमची शिफारस अशी. बारा इंची एक-एक स्पीकरचे, ट्वीटर असलेले, प्रत्येकी ८ ओहमचे आणि १५ किलोच्या आतले दोन सारखे बॉक्स, आणि त्यांना एक हलका अॅम्प्लिफायर. वर्गातल्या सरावाला एकच बॉक्स बाकावर कानाच्या उंचीला ठेवावा. उघड्यावर दोन्ही एकावर एक रचावेत. दोन्ही लावले की अॅम्प्लिफायरमधून वीजही जास्त निघते आणि हवा दुप्पट ढकलली जाते. एक बिघडला तरी दुसऱ्यावर कार्यक्रम पार पडतो. सराव नसेल तेव्हा की-बोर्ड त्यावर लावता येतो. हॉफमनच्या नियमाप्रमाणे यात आपण तळाचा खर्ज सोडतो आहोत. तुडुमचा धमका यातून येणार नाही. पण गाण्याचा पाया सर्वांना ऐकू येईल एवढा खर्ज नक्की मिळेल.

पैशांची अडचण असेल तर यंदा अॅम्प्लिफायर आणि एक बॉक्स घ्यावा, दुसरा पुढच्या वर्षी. यात धोका एवढाच की तोच नमुना पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही, म्हणून शक्यतो दोन्ही एकदम घ्यावेत. तीन दुकानांची लेखी दरपत्रके आणल्याशिवाय खरेदी करू नये, अशी आमचीच विनंती आहे. आणि तबल्याची शाई त्याआधी भरून घ्यावी. बेस हा पाया खरा, पण आपल्या गाण्यात ठेका तबल्याचाच आहे.

शेवटी दोन पथ्ये. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसतो असे धरले तर पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणून सरावाला आवाज बेताचाच ठेवावा. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. गावाला गाणे ऐकवायला आपण जातो, गावाची झोप मोडायला नव्हे.

पुढच्या पालकसभेनंतर संगीत खोलीत एक छोटे प्रात्यक्षिक ठेवले आहे. पुठ्ठ्याचा आणि बाटलीचा प्रयोग मुले करून दाखवतील. उसना आणलेला मोठा बॉक्स आणि ओळखीच्यांकडून मागवलेला एक लहान बॉक्स शेजारी-शेजारी ठेवून तेच गाणे दोन्हींवर वाजवले जाईल. विश्वस्तांनी आणि पालकांनी आधी डोळे मिटून ऐकावे आणि मग दोन्ही बॉक्स स्वतः उचलून पाहावेत. नववीतली ती मुलगी आता दहावीत गेली आहे आणि तिने दोन नवी गाणी बसवली आहेत. तिच्या आजींना पहिल्या रांगेत बसायचे आमंत्रण गेले आहे.

सर्वांनी अवश्य यावे, ही विनंती.